चाळणीचं माप

४ जुलै

खटपट्या,

फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि शेवटी कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. म्हणून लिहिते आहे. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, एवढा एक फायदा.

तुझं यंत्र आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या शेडमध्ये बसवून सहा आठवडे झाले. वरून लाकडाचे तुकडे भरायचे, अपुऱ्या हवेत ते तापवायचे, आणि खालून निघणारा वायू नळीनं शेगडीपर्यंत न्यायचा. दोनशे दहा मुलींचा स्वयंपाक धुराविना होईल, असं तू छाती ठोकून सांगितलं होतंस. चार दिवस झाला. पाचव्या दिवशी ज्योत पिवळी पडली, नवव्या दिवशी विझली. आता दर तिसऱ्या दिवशी नळी उघडावी लागते आणि आतून काळा चिकटा निघतो. थोरली स्वयंपाकीण तो उलथन्यानं खरवडते. काल म्हणाली, "बाई, तुमच्या भावाला कळवा, रस्त्याला डांबर कमी पडलं तर आमच्याकडून न्या म्हणावं." मला हसू आलं. मग हसले म्हणून राग आला.

आणि या सगळ्यात तू मला प्रमाणपत्र टंकून पाठवतोस! "सदर यंत्र सहा महिने समाधानकारक चालले." खाली माझ्या सहीसाठी आणि शिक्क्यासाठी रिकामी जागा. सहा महिने? आत्ता कुठे सहा आठवडे होताहेत. बाकी 'समाधानकारक' या शब्दाबद्दल मी बोलतच नाही.

पंधरा सप्टेंबरच्या आत तुला हा कागद समितीपुढे ठेवायचा आहे, आणि समितीनं मान्यता दिली की हेच यंत्र आणखी चाळीस स्वयंपाकघरांत जाणार आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सही करत नाही. ये आणि दुरुस्त करून दे.

ताई


९ जुलै

ताई,

तुझं पत्र म्हणजे वसतिगृहाच्या फलकावरची सूचना. वाचताना माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

यंत्रात काही दोष नाही. अगदी तेच यंत्र इथे घरामागे आहे. लाकूडही त्याच फर्निचरच्या कारखान्यातलं, त्याच पोत्यांतलं. मार्च ते मे रोज चालवलं. एका घनमीटर वायूत चाळीस मिलिग्रॅम चिकटा. माझ्याच जुन्या नमुन्यात तो नऊशे होता. नऊशेवरून चाळीस! ही करामत आहे हवेच्या नळ्यांच्या कोनाची. त्या कोनापायी मी अकरा वर्षं घालवली आहेत. तीन जूनला समितीची पाच माणसं येऊन डोळ्यांनी पाहून गेली. त्यातले एक तर म्हणाले, असा स्वच्छ वायू आम्ही प्रयोगशाळेतही पाहिला नाही.

तेव्हा दोष कुठे असेल, तर तो भरणाऱ्यांच्या हातात. तुझ्या त्या दोघी स्वयंपाकिणींनी यंत्राची पुस्तिका वाचली आहे का? वाचता येतं का?

सध्या मला तिकडे येणं जमणार नाही. तुझी वहिनी चार जूनपासून माहेरी गेली आहे, तिच्या आईला बरं नाही. घरचं सगळं माझ्या गळ्यात पडलंय. रोज दूध उतू जातं.

सही तेवढी पाठव.

खटपट्या


१४ जुलै

खटपट्या,

थोरलीला वाचता येतं. ती पुस्तिका मोठ्यानं वाचते आणि धाकटीला ऐकवते. पान सातवर तू लिहिलंयस, "ज्योत मंदावल्यास वरचे झाकण उघडून सळईने ढवळावे." त्या दिवसातून चारदा ढवळतात. मला तर ती पुस्तिका आता पाठ झाली आहे.

तुझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा म्हणून मी स्वतः आकडे काढले. कॉलेजच्या रसायनशाळेतला तराजू मागून आणला. तू शिकवलंस तसंच केलं. मोजून वायू कापसातून सोडला, कापूस आधी आणि नंतर तोलला. आठशे सत्तर. पुन्हा केलं. आठशे नव्वद. मी बी.एस्सी. झाले तेव्हा तू अर्ध्या चड्डीत फिरत होतास, तेव्हा तोलण्यात माझी चूक झाली असेल, असं लिहायच्या आधी जरा विचार कर.

तू मार्च ते मेचे आकडे लिहिलेस. जूनचे का नाही लिहिलेस?

ताई


२२ जुलै

ताई,

जूनमध्ये काम जरा विस्कळीत होतं. पाच जूनपासून तराजू बिघडलाय, काहीच्या बाही दाखवतो. म्हणून ते आकडे धरले नाहीत. यात लपवण्यासारखं काय आहे?

तू जन्मभर माझी प्रगतिपुस्तकंच तपासत आलीस. सातवीत मी केलेली पाणचक्की आठवते? सगळी गल्ली बघायला आली होती. तू आलीस आणि म्हणालीस, "गळतेय." बस. एकच शब्द. आजही तुझ्या प्रत्येक पत्रात मला तो एक शब्द ऐकू येतो.

आता स्पष्टच लिहितो. या वर्षी मान्यता मिळाली नाही, तर पुढची बैठक तीन वर्षांनी. मी आता छप्पन्नचा आहे. कागदावर सही केल्यानं तुझं काय जातं? समितीत ते प्रमाणपत्र कुणी वाचत नाही, नुसतं फाइलला लावतात. बारीकसारीक गोष्टी पुढे सुधारता येतील. एकदा, फक्त एकदा, भावाच्या बाजूनं उभी राहा.

खटपट्या


२ ऑगस्ट

धाकटी स्वयंपाकीण काल सकाळी शेडमध्ये कोसळली.

ज्योत मंदावली होती. तिनं पान सातप्रमाणे झाकण उघडलं, वाकली, आणि सळई हातातच राहिली. नळी चिकट्यानं तुंबली होती, वायूला पुढे जायला वाट नव्हती, तो वर आला. धुराचा वास सगळ्यांना येतो. त्या धुरात जो कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. हे तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तिला कोण सांगणार होतं? थोरलीनं तिला पाय धरून बाहेर ओढलं, म्हणून ती आज रुग्णालयात आहे आणि बोलते आहे. बावीस वर्षांची आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली ऐक. "बाई, माझ्याकडून यंत्र बिघडलं का?"

यंत्र मी बंद केलंय, आणि शेडला कुलूप घातलंय.

एकच विचारते. तुझ्या घरी ते यंत्र रोज कोण भरत होतं?

ताई


६ ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. दोन दिवस काही सुचलं नाही. तिच्या औषधपाण्याचं सगळं मी बघेन. पान सात चुकलं आहे. ते मी नव्यानं लिहितो.

पण तू विचारलंस त्याचं उत्तर सरळ आहे. मीच भरत होतो. नेहमी मीच. रोज सकाळी नऊला टबातलं लाकूड घ्यायचं, वरून ओतायचं, झाकण लावायचं. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. वहीत तारीखवार लिहिलेलं आहे, हवी तर पाठवतो. यंत्र इथे चाललं, ताई. मी खोटं बोलत नाही. ते चाललं होतं.

खटपट्या


९ ऑगस्ट

वहिनी,

तुझ्या आईची तब्येत कशी आहे, ते कळव. त्याच्या पत्रांत तिचं दुखणं एका ओळीच्या पुढे जात नाही, म्हणून मला शंका आली आहे.

आणखी एक शंका आहे, ती सरळ विचारते. त्याचं यंत्र तीन जूनपर्यंत उत्तम चालत होतं. तू चार तारखेला गेलीस. पाच तारखेला त्याचा तराजू बिघडला. मी आयुष्यभर मुलींची रजेची पत्रं वाचली आहेत, तारखा कशा बोलतात ते मला कळतं.

तो म्हणतो, टबातलं लाकूड तोच ओतायचा, आणि मला ते खरं वाटतं. पण पोत्यातलं लाकूड टबात कसं येत होतं, हे त्याला ठाऊक असेल असं वाटत नाही. तुला ठाऊक आहे का?

इथे आमची एक मुलगी मरता मरता वाचली. म्हणून लवकर लिही, आणि काही झाकू नकोस.

ताई


१६ ऑगस्ट

वन्सं,

माझ्या आईला काहीही झालेलं नाही. ती आत्ता फाटकापाशी शेजारणीशी भांडते आहे, आवाज इथवर येतोय. मी निघून आले. यांनी तुम्हाला आईचं दुखणं सांगितलं, आणि मी ते खोडून काढलं नाही, एवढाच माझा दोष.

आता यंत्राचं. हो, मी हात लावत होते. रोज.

यंत्र मागच्या दारी आलं, तेव्हापासून माझी धुणी खराब व्हायला लागली. पांढऱ्या अभ्र्यांवर तपकिरी ठिपके पडायचे. साबणानं निघत नाहीत, उन्हानं निघत नाहीत. यांना सांगितलं, तर म्हणाले, "दोरी हलव." दोरी हलवायला घर हलवावं लागलं असतं. मग मी नुसती बघायला लागले, ठिपके कधी जास्त, कधी कमी. पोत्याच्या तळाचा माल भरला, भुसा जास्त असला, की त्या दिवशी अभ्रा वाया. म्हणून अडगळीतून मोठ्या भोकांची चाळण काढली आणि तुकडे चाळूनच टबात टाकायला लागले. ठिपके निम्म्यावर आले.

मग राखेच्या पेटीकडे लक्ष गेलं. रोज त्यात लिंबाएवढे कोळसे निघायचे, न जळलेले. ते फेकायला माझा हात धजेना. दुसऱ्या, बारीक चाळणीनं राख काढून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या दारातून जाळीवर अर्धी बादली कोळसे पसरले. त्यावर यांनी लाकूड भरलं. त्या दिवशी अभ्रे लख्ख. तेव्हापासून रोज तसंच केलं. हे आठला उठतात. माझं साडेसहालाच उरकलेलं असायचं.

यांना सांगितलं नाही, असं समजू नका. दोनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, "धुण्याभांड्यांचं शास्त्रात आणू नकोस." दुसऱ्यांदा म्हणाले, "माझ्या यंत्राला हात लावायचा नाही." तिसऱ्यांदा कशाला सांगू? मी काही यंत्र सुधारायला निघाले नव्हते. मला अभ्रे पांढरे हवे होते.

तीन जूनला पाच माणसं आली. त्यांतल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, यात तुमचा काय वाटा?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात हे म्हणाले, "तिचा वाटा चहाचा. चहा फक्कड करते." सगळे हसले. मी आत जाऊन चहा केला, वन्सं. पाच कप त्यांचे आणि एक यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काही चाळलं नाही. पिशवी भरली, दोन्ही चाळणी घेतल्या आणि निघाले.

वाटलं, बघू दे यांना आता. त्यांचं बिंग त्यांच्याच घरात फुटेल, एवढंच डोक्यात होतं. तुमच्याकडे दुसरं यंत्र आहे, तिथे कुणी वाकून बघेल, हे मनातही आलं नाही. माझा राग यांच्यावर होता, आणि भोगलं त्या पोरीनं.

वहिनी


२० ऑगस्ट

खटपट्या,

सोबत वहिनीच्या पत्राची नक्कल आहे. आधी ती वाच. बसून वाच. मग पुढे ये.

वाचलंस? आता तुझ्या कोनाबद्दल बोलू. चिकटा मोडतो तो लालबुंद कोळशाच्या थरातून जाताना. थर जाड हवा, सारखा हवा, आणि भुशानं तुंबलेला नको. भुसा साचला की वायू एकाच भोकातून पळतो, आणि चिकटा जसाच्या तसा शेगडीपर्यंत येतो. हे मला कॉलेजात शिकवलं, तुला नंतर शिकवलं, आणि वहिनीला तिच्या धुण्याच्या दोरीनं शिकवलं. तिघांत तीच एकटी शिकली. तू अकरा वर्षं नळ्या वाकवत बसलास, आणि नऊशेचे चाळीस झाले ते तू अंथरुणात असताना.

तू खोटं बोलला नाहीस, हे मला मान्य आहे. खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं. खोट्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं. तुझ्या वहीत वाऱ्याचा वेग आहे, लाकडाचं वजन आहे, हवेतला दमटपणा आहे. टब रोज भरलेला कसा सापडतो, याची एक ओळ नाही. टब आपोआप भरतो, चहा आपोआप होतो, अभ्रे आपोआप पांढरे होतात. अशा माणसाच्या यंत्रात चाळीस ठिकाणच्या बायका डोकं घालणार होत्या!

आणि मी काही फार वेगळी नाही. मार्चमध्ये मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तिला मागच्या दारी चाळताना पाहिलं. काय म्हणाले माहीत आहे? "अगं, असली कामं कसली करत बसतेस? हात बघ तुझे." एक प्रश्न विचारला असता, तर धाकटी आज तिच्या शेगडीपाशी असती. हा राग कुणावर काढायचा, ते मला कळत नाही. तूर्त तुझ्यावर काढते.

तुला सही हवी होती ना? ही घे. तुझा मजकूर खोडून माझा लिहिला आहे.

"सदर यंत्र दहा आठवडे चालले. समाधानकारक चालले नाही. पुस्तिकेतील पान सातवरील सूचना पाळल्यामुळे एक कर्मचारी बेशुद्ध पडली. मूळ यंत्राचे चांगले आकडे हे घरच्या बाईच्या चाळणीचे आहेत, आणि चाळणीचा उल्लेख आराखड्यात कुठेही नाही."

सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. दुसरी प्रत माझ्या टेबलावर आहे. पाच सप्टेंबरपर्यंत तू स्वतः समितीला कळवलंस, तर ती तिथेच राहील. नाहीतर सहा तारखेच्या टपालानं जाईल. मी भावाच्या बाजूनं कधी उभी राहिले नाही, असं तू लिहिलंस. आता उभी आहे. तुला दिसत नसेल, तर तो तुझा जुनाच आजार आहे.

ताई


४ सप्टेंबर

ताई,

समितीला काल पत्र टाकलं. आराखडा अपुरा आहे, पुस्तिका धोक्याची आहे, दोन्ही परत घेतो आहे. कारणही लिहिलं, तुझ्या वहिनीच्या नावानिशी. तीन वर्षं गेली. पाकीट दोनदा फोडून पुन्हा चिकटवलं, हे कुणाला सांगू नकोस.

मला तुझं पत्र पटलं नव्हतं. तुला खोटं पाडायचं म्हणूनच यंत्र पुन्हा पेटवलं. दहा दिवस स्वतः भरलं. पहिले पाच दिवस पोत्यातून तसंच. आठशे दहा, आठशे साठ, असे आकडे आले. जूनमध्येही हेच येत होते. तेव्हा मी तराजूला दोष दिला होता. आता तराजू तपासून आणला आहे. तो कधीच बिघडला नव्हता.

मग कोळसा पसरला, आणि भुसा हातानं निवडला. पहाटे उठून. चारशे. पाठ मोडली, डोळ्यांत भुसा गेला, आणि चारशेच. दुकानातली चाळण आणली, तिच्यातून लाकूडच पडेना. दुसरी आणली, तिच्यातून सगळंच पडलं. तीनशेच्या खाली काही केल्या येत नाही. चाळीस तर स्वप्नातही नाही.

तुझ्या धाकटीला भेटायला येणार होतो. फाटकापर्यंत आलो आणि परत फिरलो. पुन्हा येईन.

तुझ्या वहिनीला पत्र लिहिलं आहे. बरंच लिहून बरंच फाडलं. शेवटी एकच गोष्ट विचारली. मला तीच खरोखर हवी होती, बाकीचं लिहायची माझी लायकी नव्हती.

खटपट्या


१० सप्टेंबर

वन्सं,

यांचं पत्र आलं. वर तारीख, खाली सही, आणि मधे एकच ओळ. "चाळणीची भोकं किती मोठी आहेत?"

वाचून अंगाचा तिळपापड झाला. ना माफी, ना कशी आहेस, ना परत ये. पत्र चुलीत घालायला उठले. उठता उठता लक्षात आलं, की लग्नाला तीस वर्षं झाली, आणि ज्याचं उत्तर यांना आधीच माहीत नव्हतं, असा हा पहिलाच प्रश्न यांनी मला विचारलाय. पुन्हा बसले.

माप मी कळवलेलं नाही. मापानं भागत नाही, वन्सं. भुसा ओलसर असला तर चाळण तिरकी धरावी लागते, कोळसे ठेचून सारखे करावे लागतात. ते कागदावर येत नाही, हातानं दाखवावं लागतं. आणि पहिल्यांदा ते दाखवायचं तुमच्या धाकटीला, यांना नाही. ती परत कामावर आली असेल, तर मी सोमवारी दोन्ही चाळणी घेऊन तुमच्याकडे येते. शेडचं कुलूप काढून ठेवा. झाकण काम चालू असताना कुणी उघडायचं नाही, हे मी दारावर मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे.

यांना शिकायचं असेल, तर यांनीही यावं. सकाळी साडेपाचला. वही आणावी, मोजपट्टी आणावी, मी सांगेन तसं लिहून घ्यावं. मधे बोलायचं नाही.

आणि आम्हा चौघींचा चहा यांनी करायचा.

वहिनी